पदक कोणाचे आणि पायवाट कोणाची?

(सिल्वासा येथे भरलेल्या मराठी भाषकांच्या मेळाव्यात आम्ही केलेल्या भाषणाचा हा मजकूर. तेथील श्रोत्यांच्या आग्रहावरून तो वाचकांपुढे ठेवीत आहो.)



आम्ही सीमेवरचे संपादक. हाती लेखणी आली त्या दिवसापासून गावांच्या याद्या, शिरगणतीचे आकडे आणि नकाशावरच्या रेघा यांच्याशीच आमचा व्यवहार. तेव्हा आम्हास सिल्वासाला बोलावले म्हणजे आम्ही सीमेवरच बोलणार, असे आपण गृहीत धरले असेल, तर त्यात आपली चूक नाही. आम्ही सीमेवर बोलणारच आहो. पण आज आम्ही ती सीमा मंत्र्यांच्या निवेदनांतून किंवा आयोगांच्या अहवालांतून पाहणार नाही. ती सीमा पायांखाली घालून जगाच्या क्रीडांगणापर्यंत धावत गेलेल्या तीन मुलांच्या अंगाने पाहणार आहो. त्यांपैकी दोन मुली आहेत आणि एक मुलगा. तिघेही आपल्या या डोंगरपट्ट्यातले.

आपण ज्या भूमीवर बसलो आहो, तिचा इतिहास आपणास सांगावयास नको. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा पोर्तुगीजांच्या हातून सुटले. त्या लढ्यात सुधीर फडके होते, बाबासाहेब पुरंदरे होते, आणि नावे न छापली गेलेली कितीतरी माणसे होती. १९६१ साली दादरा आणि नगर हवेली भारतात रीतसर सामील झाली. २०२० साली ती दमण व दीव यांच्याशी जोडून एकच केंद्रशासित प्रदेश करण्यात आला. इतक्या वेळा सत्ता फिरली, कागद फिरले, शिक्के फिरले. पण वारली, कोकणा, धोडिया, काथोडी ही मंडळी लढ्यापूर्वी येथे होती आणि आजही येथेच आहेत. २०११ च्या जनगणनेत या हवेलीची लोकसंख्या ३,४३,७०९ भरली. तीत निम्म्याहून अधिक आदिवासी आहेत. आम्ही ज्या तिघांविषयी बोलणार आहो, ते याच लोकांचे सोयरे आहेत.

पहिले नाव कविता राऊत हिचे. नाशिक जिल्ह्यात त्र्यंबकेश्वर तालुक्यात हरसूलच्या परिसरात सावरपाडा म्हणून एक पाडा आहे. आपली दमणगंगा नाशिक जिल्ह्यातील ज्या सह्याद्रीतून निघते, त्याच सह्याद्रीच्या कुशीत तो वसला आहे. त्या पाड्यावरची ही मुलगी अनवाणी धावू लागली, कारण धावण्यास पायांवाचून दुसरे काही साहित्य लागत नाही. हरसूलच्या शाळेत तिचे धावणे लोकांच्या डोळ्यांत भरले. पुढे नाशिकला विजेंद्रसिंग या प्रशिक्षकांच्या हाताखाली ती तयार झाली. ऑक्टोबर २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरच्या शर्यतीत तिने कांस्यपदक मिळवले. वेळ ३३ मिनिटे ५.२८ सेकंद. आता कांस्य म्हणजे तिसरा क्रमांक, त्याचे एवढे कौतुक कशाला, असे कोणी म्हणेल. त्यास आमचे उत्तर असे की, १९५८ साली मिल्खासिंग यांनी सुवर्णपदक घेतल्यानंतर राष्ट्रकुलाच्या धावमार्गावर एकाही भारतीयास वैयक्तिक पदक मिळाले नव्हते. भारतीय स्त्रीस तर त्यापूर्वी कधीच नाही. बावन्न वर्षांचा तो दुष्काळ फोडला सावरपाड्याच्या मुलीने.

दहा हजार मीटर म्हणजे चारशे मीटरचे पंचवीस फेरे. दिल्लीत कविताने दर फेरा सरासरी एकोणऐंशी सेकंदांच्या आसपास घेतला, आणि असे एकामागून एक पंचवीस घेतले. ज्यांना हे सोपे वाटत असेल त्यांनी उद्या पहाटे त्यातला एकच फेरा घेऊन पाहावा! त्याच वर्षी नोव्हेंबरात चीनमधील ग्वांगझौ येथे आशियाई स्पर्धा झाल्या. तेथे केरळची प्रीजा श्रीधरन ३१ मिनिटे ५०.४७ सेकंदांत पहिली आली आणि कविता ३१ मिनिटे ५१.४४ सेकंदांत दुसरी. बत्तीस मिनिटांच्या झुंजीत दोघींमध्ये पुरते एक सेकंदाचेही अंतर नव्हते. २०१२ साली कविताला अर्जुन पुरस्कार मिळाला. २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत तिने मॅरेथॉनचे सुवर्णपदक घेतले आणि त्याच वर्षी रिओच्या ऑलिंपिकमध्ये ती मॅरेथॉन धावली. ‘सावरपाडा एक्सप्रेस’ हे नाव लोकांनी तिला प्रेमाने दिले. ज्या पाड्याचे नाव तालुक्याबाहेर कोणास ठाऊक नव्हते, ते एका मुलीच्या पायांनी देशभर पोहोचवले.

दुसरे नाव सरिता गायकवाड हिचे. डांग जिल्ह्यातील कराडी आंबा हे तिचे गाव. ती आधी खो-खो खेळत असे. पाटीवरून सुटताच गड्याचा माग काढावयाचा, खांबाला वळसा घालावयाचा, आणि दम तुटेतो पळत राहावयाचे, हे शिक्षण तिला आपल्या मातीतल्या खेळाने दिले. पुढे ती धावण्याकडे आणि अडथळ्यांच्या शर्यतीकडे वळली. ३० ऑगस्ट २०१८ रोजी जाकार्ता येथील आशियाई स्पर्धेत स्त्रियांच्या चार गुणिले चारशे मीटर रिले शर्यतीत भारताने सुवर्णपदक जिंकले, ३ मिनिटे २८.७२ सेकंदांत. त्या चौघींत आसामची हिमा दास होती, कर्नाटकाची पूवम्मा होती, केरळची विस्मया होती, आणि डांगची सरिता होती. पुढे गुजरात सरकारने तिला पोलीस खात्यात उपअधीक्षकाचे पद देऊन तिचा गौरव केला.

तिसरे नाव मुरली गावित याचे. हाही डांगचाच, कुमारबंध गावचा. २०१९ साली दोहा येथील आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत पुरुषांच्या दहा हजार मीटर शर्यतीत त्याने २८ मिनिटे ३८.३४ सेकंदांत कांस्यपदक मिळवले. सागाच्या रानात वाढलेल्या या मुलाने आखाती देशातल्या क्रीडांगणावर आशियातल्या निवडक धावपटूंशी पंचवीस फेऱ्यांचा सामना केला.

आता आमची अडचण ऐका. कविता महाराष्ट्राची, सरिता आणि मुरली गुजरातचे, आणि आपण बसलो आहो ती हवेली केंद्रशासित. पण नकाशावरच्या रेघा क्षणभर पुसा आणि डोंगराकडे पाहा. हरसूल, पेठ, सुरगाणा, डांग, धरमपूर, कपराडा, जव्हार, मोखाडा आणि हवेली हा सगळा सलग एकच मुलूख आहे. तीच नागलीची भाकर, तोच तारपा, तीच पावसाळी भातशेती आणि पाऊस सरला की तीच पाण्याची वणवण. बोलीत दर पाच कोसांवर थोडा फरक पडतो खरा. पण एका गावचा पाहुणा दुसऱ्या गावात मुका बसत नाही. डांग कोणाचा, यावर १९५० च्या दशकात मुंबई राज्यात केवढे रण माजले होते! तेथल्या बोलीवर मराठीचा हक्क किती आणि गुजरातीचा किती, यावर दोन्ही बाजूंनी ढीगभर कागद लिहिले गेले. १ मे १९६० रोजी डांग गुजरातेत गेला. आमच्या पिढीने तो वाद वारशात घेतला, आणि तो आम्ही निष्ठेने सांभाळला आहे.

म्हणूनच एक कबुली देणे आम्हास भाग आहे. सरिताने सुवर्णपदक जिंकले त्या रात्री आम्ही पहिल्या पानासाठी मथळा लिहिला तो ‘डांगच्या मराठी कन्येचा पराक्रम’ असा. मथळा आमच्या मते झकास होता. पान लावणारे आमचे एक वयस्क सहकारी तो वाचून थोडा वेळ गप्प बसले. मग त्यांनी शांतपणे विचारले, “साहेब, या मुलीविषयी आजपर्यंत आपण किती ओळी छापल्या?” आम्ही निरुत्तर झालो. डांगवर आम्ही किती स्तंभ खर्ची घातले होते, ते आमचे आम्हास ठाऊक होते. पण डांगमधल्या एकाही शाळेविषयी, वसतिगृहाविषयी, आश्रमशाळेच्या मैदानाविषयी आम्ही ओळ छापली नव्हती. आम्हास भूमी हवी होती. तीवर चालणाऱ्या पायांची चौकशी आम्ही केली नव्हती. त्या रात्री तो मथळा आम्ही आमच्या हाताने खोडला आणि नुसते ‘डांगच्या सरिताचे सुवर्ण’ एवढेच ठेवले.

आम्ही आमचा हक्क सोडला, असा याचा अर्थ कोणी काढू नये. भाषेचा हक्क आहे आणि तो आम्ही मागत राहू. पण ज्याने बी पेरले नाही, पाणी घातले नाही, राखण केली नाही, त्याने पीक आले की खळ्यावर उभे राहून ‘हे माझे’ म्हणावे, याला हक्क म्हणत नाहीत. आणि हा दोष आमच्या एकट्याचा नाही. पदक मिळताच तीन राज्यांतले सत्कारवाले हार घेऊन धावतात. पदकापूर्वी त्या मुलीच्या पायात बूट नव्हते, तेव्हा यांतले कोणी धावले नव्हते. जाकार्ताच्या त्या रिलेकडे पाहा. आसामच्या मुलीने कर्नाटकाच्या मुलीच्या हाती काठी दिली, तिने डांगच्या मुलीच्या हाती, आणि तिने केरळच्या मुलीच्या हाती. चौघींच्या चार भाषा. पण काठी खाली पडली नाही, कारण प्रत्येकीने दुसरीपर्यंत ती पोहोचवण्याचे काम केले होते. आपल्या डोंगरपट्ट्यात मात्र काठी पहिल्याच हातात अडकून राहते. शाळा मुलीला तालुक्यापर्यंत पोहोचवते, आणि तालुक्याच्या पुढे तिचा हात धरणारा कोणी नसतो.

येथे आपल्यातले काही सुशिक्षित लोक एक सोयीचा सिद्धांत मांडतात. ते म्हणतात, ‘आदिवासी जन्मतःच काटक. डोंगरात राहणारा माणूस धावणारच. त्याला कोणी शिकवावयास नको.’ ऐकावयास ही स्तुती वाटते. पण आमच्या मते ही स्तुती नव्हे, जबाबदारी टाळण्याची ती युक्ती आहे. डोंगराच्या उंचीनेच धावपटू घडत असतील, तर केनियातील इतेन हे धावपटूंचे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे २,४०० मीटर उंचीवर आहे, आणि आपले सर्वांत उंच कळसूबाईचे शिखरही अवघे १,६४६ मीटरचे आहे. तेव्हा हवेची ती पातळी आपल्या कोणत्याच पाड्यास नाही. बरे, इतेनचा महिमा तरी नुसत्या हवेचा आहे काय? १९७६ साली कोल्म ओ’कॉनेल नावाचे आयर्लंडचे एक धर्मोपदेशक तेथल्या सेंट पॅट्रिक शाळेत शिक्षक म्हणून आले. ते धावण्याचे पंडित नव्हते. पण शाळेच्या मैदानावर ते मुलांबरोबर उभे राहिले, वर्षानुवर्षे उभे राहिले. २०१२ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये आठशे मीटर १ मिनिट ४०.९१ सेकंदांत धावून जागतिक विक्रम करणारा डेव्हिड रुडिशा हा त्यांचाच शिष्य. उंची तर इतेनला आधीपासूनच होती. शिक्षक आल्यावर तिचे चीज झाले.

आणि डोंगरच हवा असेही नाही. अविनाश साबळे हा बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. तो मुलूख अवर्षणाचा. शाळा काही किलोमीटर दूर, म्हणून हा मुलगा लहानपणापासून चालत-पळत शाळा गाठी. पण त्या पळण्याचे पदक झाले ते बारावीनंतर सैन्यात महार रेजिमेंटमध्ये गेल्यावर. तेथे पोटभर अन्न मिळाले, शिस्त मिळाली, प्रशिक्षक मिळाले. तीन हजार मीटरच्या स्टीपलचेस शर्यतीत अठ्ठावीस अडथळे आणि सात पाण्याच्या उड्या असतात. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तो ती ८ मिनिटे ११.२० सेकंदांत धावला आणि सुवर्णपदक त्याच्या हातून एका सेकंदाच्या विसाव्या भागाने निसटले. पुढच्याच वर्षी हांगझौच्या आशियाई स्पर्धेत त्याने सुवर्णपदक घेतले. सातारा जिल्ह्यातील माणदेशच्या मोही गावची ललिता बाबर हीदेखील अशाच कोरड्या मातीतली. २०१६ साली रिओ येथे याच प्रकारात तिने अंतिम फेरी गाठली आणि ती दहावी आली. डोंगरात पाऊस धो-धो पडतो, माणदेशात पडतच नाही. दोन्हीकडे धावपटू निपजले. तेव्हा सामान्य गोष्ट हवा नव्हे, पाणी नव्हे, रक्तही नव्हे. चालण्याची लहानपणापासूनची सवय आणि त्या सवयीला वेळीच मिळालेला हात, हीच ती सामान्य गोष्ट.

काल सायंकाळी खानवेलच्या रस्त्याने आम्ही येत होतो. चढावर काही मुली डोक्यावर हंडे घेऊन चालल्या होत्या. आम्ही गाडी थांबवली. तेरा-चौदा वर्षांच्या एका मुलीला आम्ही विचारले, “पोरी, शाळेत शर्यती होतात का गं?” ती म्हणाली, “होतात.” “पहिली कोण येते?” “मी.” “मग पुढे?” तिने हंडा सावरला आणि म्हणाली, “पुढे काही नाही.”

बंधुभगिनींनो, आम्ही आयुष्यभर पुष्कळ भाषणे ऐकली आणि केली. पण ‘पुढे काही नाही’ या तीन शब्दांएवढा या डोंगराचा खरा अहवाल आम्ही कोठे वाचला नाही. तिला आणखी दोन वर्षांनी काय होईल, ते आपण सर्व जाणता. एक तर लग्न, नाही तर वीटभट्टी, नाही तर कारखान्याच्या दारात कंत्राटदाराची रांग. कारखान्यातली मजुरी वाईट, असे आम्ही म्हणत नाही. तिच्यावर या गावातील हजारो चुली पेटतात. आमचे म्हणणे इतकेच की, जिच्यापुढे चार वाटा असावयास हव्या होत्या, तिच्यापुढे एकच असू नये.

म्हणून टाळ्या घेऊन परत जाण्याऐवजी आम्ही आपल्यापुढे चार गोष्टी ठेवतो. त्यांसाठी कोणत्याही आयोगाची वाट पाहावी लागत नाही.

पहिली गोष्ट मैदानाची. चारशे मीटरचा धावमार्ग आखावयास सुतळी, खुंट्या आणि चुना एवढेच लागते. सरळ बाजू ८४.३९ मीटरच्या दोन आणि वळणाची त्रिज्या ३६.५० मीटर, हे माप कोणत्याही शाळेच्या शिक्षकास उतरवून घेता येईल. एवढी जागा नसेल तर दोनशे मीटरचा आखा. पण तो आखा, आणि दर आठवड्यास मुलांचे वेळ वहीत लिहा. एकदा वेळ लिहिली गेली की मूल कालच्या स्वतःशी स्पर्धा करू लागते, आणि ‘पहिली कोण’ याहून ‘किती सेकंदांत’ हा प्रश्न मोठा होतो.

दुसरी गोष्ट रक्ताची, म्हणजे अक्षरशः रक्ताची. लांबच्या शर्यतीत स्नायूंना प्राणवायू पोहोचवते ते रक्तातले लोहयुक्त द्रव्य. ते कमी असलेल्या मुलीस कितीही पळवले तरी ती थकणारच, आणि आपण तिला आळशी म्हणून मोकळे होणार. शिवाय आपल्या पट्ट्यातील आदिवासी समाजात सिकलसेलचा विकार पुष्कळ आहे. त्या मुलांना उन्हात, पाण्यावाचून, जोराचे श्रम करावयास लावणे जिवावर बेतू शकते. तेव्हा आधी तपासणी, मग शर्यत. ही साधी शिस्त पाळली नाही तर आपण पदकाच्या हौसेने लेकरू गमावू.

तिसरी गोष्ट पोटाची. नागली, उडीद, तूर, शेंगदाणे, अंडी हे अन्न परके नाही आणि महाग तंत्रही नव्हे. जी मुले पहाटे धावतात त्यांना धावल्यावर लगेच खावयास मिळाले पाहिजे. उपाशीपोटी घेतलेला सराव शरीर घडवीत नाही, शरीरच खातो.

चौथी गोष्ट माणसाची. आपल्यापैकी पुष्कळजण नोकरीच्या निमित्ताने महाराष्ट्रातून येथे आलात आणि स्थिर झालात. आपल्या सभेत मराठीच्या भवितव्याविषयी कळकळीने बोलले जाते, ते योग्यच आहे. पण भाषा वाचते ती तिच्यात कोणाचे तरी भले झाले म्हणजे. आपल्यातील प्रत्येक चार कुटुंबांनी मिळून एका मुलाचे पालकत्व घ्यावे. बूट, बसभाडे, स्पर्धेचा प्रवास आणि घरच्यांची समजूत, एवढेच काम. यांत सर्वांत अवघड शेवटचे. मुलीच्या आईबापांशी ओट्यावर बसून बोलावयास हवे, त्यांच्या बोलीत बोलावयास हवे. ती मुलगी वारली बोलो, कोकणी बोलो, गुजराती बोलो, तिला आपली भाषा कोणती असे पहिल्या दिवशी विचारू नका. तुम्ही तिचा हात धरलात तर ती तुमची भाषा आपोआप शिकेल. हात धरला नाहीत, तर तिने का शिकावी?

आम्ही सीमेचे कार्यकर्ते आहो आणि मरेपर्यंत राहू. पण या मुलांनी आम्हास एक गोष्ट शिकवली. एखादा मुलूख आपला आहे, हे सिद्ध करण्याचे दोन मार्ग आहेत. एक, त्यावर आपले नाव लिहावे. दुसरा, तेथल्या लेकराच्या ‘पुढे काही नाही’ या उत्तरापुढे आपण काहीतरी उभे करावे. पहिला मार्ग आम्ही पुष्कळ चाललो, आणि तो आम्ही सोडणार नाही. दुसरा मात्र अजून सुरूही केला नाही, याची आम्हास लाज वाटते.

उद्या सकाळी आम्ही परत निघू. जाताना खानवेलच्या त्याच चढावर थांबून त्या मुलीची शाळा कोणती, ते विचारून घेऊ, आणि या मेळाव्याच्या चिटणीसांना कळवू. पुढचे काम आपले. पुढच्या वर्षी आपण आम्हास पुन्हा बोलावलेत, तर आम्ही भाषण करणार नाही. आम्ही तिच्या शाळेच्या मैदानावर उभे राहून वहीतली तिची वेळ वाचू.